राग नेमका कुणाच्या टेबलावर ठेवायचा?

महिलांच्या आधारगटांविषयी आलेल्या पत्रांना या वेळचे सदर दिले आहे. पत्रलेखिकांची नावे, गावे आणि कामाची ठिकाणे त्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत. उत्तरे गटबांधणी, समुपदेशन आणि कायदा या कामांतल्या मैत्रिणींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आम्ही चौदाजणी दर आठवड्याला जमतो. प्रत्येकीच्या पोटात वर्षानुवर्षांचा राग आहे. बोलतो, रडतो, घरी जातो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हल्ली तर परतताना डोके आधीपेक्षा जास्त तापलेले असते. आमचे काही चुकते आहे का?

चुकत नाही, काम अर्ध्यावर थांबते आहे.

राग बोलून टाकला की त्याचा निचरा होतो, असे सगळेच म्हणतात. २००२ साली ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे प्रयोग करून पाहिले. आधी लोकांना मुद्दाम चिडवले. मग काहींना त्या चिडवणाऱ्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर गुद्दे मारायला सांगितले, काहींना तेच नुसता व्यायाम म्हणून करायला सांगितले आणि काहींना स्वस्थ बसवले. सर्वांत जास्त राग उरला तो पहिल्यांचा. स्वस्थ बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. तुमच्याकडे हेच होते आहे. राग दर आठवड्याला उगाळला जातो आणि पुढे जायला वाट नसल्याने तसाच घरी परत येतो.

म्हणून बोलणे बंद करू नका. 'माझ्याही बाबतीत अगदी हेच' हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईला त्यातून जे बळ मिळते ते दुसऱ्या कशातूनही मिळत नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमधल्या स्त्रियांचे छोटे गट असेच बसत. एक प्रश्न घ्यायचा, प्रत्येकीने आळीपाळीने स्वतःच्या अनुभवातून बोलायचे. पण त्यांचा दुसरा भागही ठरलेला असे : सगळ्यांचे ऐकून झाले की त्यातले सामाईक काय, ते शोधायचे. तुमच्याकडे हा दुसरा भाग नाही.

दीड तासाची बैठक अशी बसवून पाहा. चौदाजणींची एकच फेरी लांबते, शेवटच्या तिघींना कधीच वेळ उरत नाही. म्हणून सात-सातचे दोन गोल करा. प्रत्येकीला ४ मिनिटे, म्हणजे २८ मिनिटांत फेरी संपते. एकीने घड्याळ सांभाळायचे. या वेळात सल्ला नाही, मध्ये बोलणे नाही, आणि 'माझे तर याहून वाईट' हे तर मुळीच नाही. जिला बोलायचे नसेल तिने 'पुढे' म्हणावे, कारण विचारू नये. मग ५ मिनिटे उठा, पाणी प्या, पाय मोकळे करा. त्यानंतर सगळ्याजणी एकत्र बसून ४० मिनिटे फक्त वही.

वहीत चार रकाने पाडा : काय घडले, कधी आणि किती वेळा, हे कुणाच्या निर्णयामुळे किंवा टाळाटाळीमुळे घडते, आणखी किती जणींच्या बाबतीत घडते. 'माझा अपमान होतो' हे पहिल्या रकान्यात बसत नाही. 'स्वच्छतागृहाला कुलूप असते, किल्ली मुकादमाकडे, मागायला गेले की सगळ्यांदेखत म्हणतो, आत्ताच तर गेली होतीस. मंगळवारी दोनदा, गुरुवारी एकदा' हे बसते. रागाचे असे तपशिलात रूपांतर करताना बायका अडखळतात. अपमान एवढा मोठा वाटत असतो आणि कागदावर उतरते ते एवढेसे कुलूप. अडखळू द्या, घाई करू नका. पण लिहिल्याशिवाय उठूही नका. तीन-चार आठवड्यांनी वही उलटी चाळा. एकच नोंद पाच-सहा जणींच्या नावापुढे दिसू लागली, की तो एकीचा राग राहिला नाही.

शेवटची १० मिनिटे दोन गोष्टींसाठी. पुढच्या बैठकीपर्यंत कोण काय करणार, हे एकेका ओळीत. आणि आज जिने सर्वांत अवघड बोलले, तिला रात्री फोन कोण करणार. ही दुसरी गोष्ट हमखास राहून जाते, आणि गट सोडून जाणाऱ्या बायका बऱ्याचदा अशाच बैठकीनंतर जातात : मन उघडे केले आणि मागे कुणी चौकशीही केली नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो. कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, किंवा घरी जिवाला धोका आहे असे सांगत असेल, तर त्या दिवशी वही बाजूला. डॉक्टर, समुपदेशक, सुरक्षित जागा, या क्रमाने आधी तिची सोय. गट हा उपचार नव्हे.

प्रश्न : वहीत आता चाळीस तक्रारी आहेत. प्रत्येकीला आपली तक्रार आधी घ्यावी असे वाटते. सुरुवात कुठून करावी?

चाळीसच्या चाळीस घेऊन गेलात तर समोरचा त्यातल्या सर्वांत किरकोळ दोन मान्य करेल आणि प्रश्न सुटला म्हणून मोकळा होईल. एक निवडा. निवडताना चार गोष्टी पाहा : ती पुष्कळ जणींना लागू आहे का, ती मान्य करण्याचा अधिकार एका ठरावीक माणसाच्या हातात आहे का, ती एका वाक्यात सांगता येते का, ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच येईल, आणि दीड-दोन महिन्यांत त्यातून काही हाती लागू शकते का.

'आम्हाला सन्मानाने वागवा' ही मागणी नाही. तिला कुणीही हसत हो म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी काहीही बदललेले नसेल. 'येत्या ३० तारखेपासून स्वच्छतागृहाचे कुलूप काढावे आणि दाराला आतून कडी बसवावी' ही मागणी आहे. ३० तारखेला जाऊन पाहता येते.

चारांपैकी दुसऱ्या मुद्द्यावर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण बहुतेक गट तिथेच फसतात. राग नेहमी जवळच्या माणसावर निघतो. मुकादम डोळ्यांसमोर असतो, म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडतात. विचारायचे ते असे : उद्या याने मनात आणले तर हे बदलेल का? उत्तर 'नाही' आले तर एक पायरी वर जा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. 'हो' आले की थांबा. मग मोठ्या कागदाच्या मध्यभागी त्या माणसाचे पद लिहा. भोवती लिहा : तो कुणाचे ऐकतो, त्याला कशाची काळजी असते, बदल झाला तर कुणाची गैरसोय होईल, आणि कोण अजून कुठल्याच बाजूला नाही. या शेवटच्यांकडे आपल्यातली कोण जाऊ शकते, तिचे नाव तिथेच लिहून टाका.

आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर जिल्ह्यात १९९२ मध्ये जे झाले ते यासाठी पाहण्यासारखे आहे. साक्षरता वर्गांत जमणाऱ्या दुबगुंटा आणि आसपासच्या गावांतल्या बायका आपल्या रोजच्या जगण्यावर बोलू लागल्या, आणि बोलणे पुन्हा पुन्हा अरकाच्या, म्हणजे गावठी दारूच्या, दुकानावर येऊ लागले. राग घरच्या पिणाऱ्यावर होता. पण त्या दुकानापाशी गेल्या, आणि तिथून जिथे दारूविक्रीच्या हक्काचे लिलाव होत तिथे. सरकारचा महसूल त्या लिलावात अडकलेला होता. ते लिलाव वारंवार पुढे ढकलावे लागले आणि १९९३ मध्ये राज्यात अरकावर बंदी आली. घरात रोज भांडूनही जे सुटले नसते, ते योग्य दार सापडल्यावर सुटले.

उरलेल्या एकोणचाळीस तक्रारी फाडू नका. ज्यांची तक्रार आज मागे राहिली त्यांना पुढची कधी घेणार त्याची तारीख सांगा. नाहीतर त्या मनाने बाहेर पडतात, आणि ते तुमच्या लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रश्न : पत्र देऊन दीड महिना झाला. उत्तर नाही. आता सरळ बाहेर ठिय्या द्यावा, असे निम्म्या जणी म्हणतात. बाकीच्या म्हणतात वाट पाहू.

दोन्ही नको. ठिय्या देण्याआधी बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि नुसती वाट पाहणे ही त्यांतली एकही नाही.

आधी पत्र तपासा. एका पानाचे आहे का? त्यात घटना, मागणी आणि उत्तराची तारीख आहे का? पोच घेतली होती का? पोच नसेल तर पत्र दिलेच नव्हते असे समजा आणि पुन्हा द्या. सह्या एकाखाली एक असतील तर पहिले नाव 'पुढारी' ठरते आणि पहिला त्रास तिलाच होतो. म्हणून सह्या वर्तुळात करा. कागदावर वाटी पालथी ठेवून पेन्सिलीने गोल काढा आणि भोवताली सह्या घ्या, कोणती पहिली ते ओळखता येत नाही. ही युक्ती फार जुनी आहे, आणि बिचकणाऱ्या दहाजणी तरी तिच्यामुळे सही करतात.

दुसरे पत्र ८ दिवसांच्या मुदतीचे. पहिल्याची प्रत आणि पोच जोडलेली, आणि एकच नवे वाक्य : 'उत्तर न आल्यास अमुक तारखेला आमच्या पाच प्रतिनिधी आपल्याला भेटायला येतील.' आणि त्या दिवशी जा, काहीही झाले तरी. सांगून न गेलेल्या गटाची पुढची तारीख कुणी गांभीर्याने घेत नाही.

पाचजणींची कामे वाटून घ्या. एक बोलणार. एकीकडे वहीतले पुरावे, विचारले की तेवढेच पान काढणार. एक शब्दन्‌शब्द लिहून घेणार. एक घड्याळ आणि चेहरे बघणार; कुणाचा आवाज चढला की तिने टेबलावर हात ठेवायचा, हे आधीच ठरलेले. पाचवी जिच्याबाबतीत घडले ती, आणि तिला वाटले तरच ती बोलणार.

दोनदा तालीम करा. एकीला साहेब करा आणि तिला छळू द्या. साहेब मंडळी साधारण पाच गोष्टी करतात : विषय बदलतात, 'नेमका त्रास कुणाला आहे, नाव सांगा' म्हणतात, 'माझ्या हातात नाही' म्हणतात, 'समिती नेमतो' म्हणतात, किंवा इतके गोड बोलतात की बाहेर आल्यावर लक्षात येते, मिळाले काहीच नाही. प्रत्येकाला एक वाक्य तयार ठेवा. 'ते आपण नंतर बोलू, आधी कुलूप.' 'नाव नाही, सदतीस सह्या आहेत.' 'मग कुणाच्या हातात आहे, ते लिहून द्या.' 'समितीत आमच्या दोघी आणि अहवालाची तारीख, दोन्ही आज ठरवू.' गोड बोलण्याला एकच उतारा आहे. उठण्याआधी लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवा आणि सही मागा. सही दिली नाही तर त्याच संध्याकाळी 'आज झालेल्या चर्चेत आपण पुढील गोष्टी सांगितल्या' असे पत्र पाठवा.

समोरच्याने नाकारताना जे लिहिले किंवा छापले, ते जपून ठेवा. अहमदाबादला 'सेवा' ही कष्टकरी स्त्रियांची संघटना १९७२ मध्ये उभी राहिली, त्याच्या थोडे आधीची गोष्ट आहे. कापडबाजारात डोक्यावरून माल वाहणाऱ्या बायकांना किती कमी मजुरी मिळते, याबद्दल 'सेवा'च्या संस्थापक इला भट्ट यांनी वर्तमानपत्रात लिहिले. तेव्हा त्या गिरणी कामगारांच्या संघाचा महिला विभाग सांभाळत. व्यापाऱ्यांनी उलट लेख छापून आणला की आम्ही मजुरी योग्यच देतो. या महिला विभागाने व्यापाऱ्यांचे तेच म्हणणे कार्डांवर छापले आणि बायकांच्या हातात दिले. आता मजुरी मागताना व्यापाऱ्याचेच शब्द हातात होते.

मगच उघड कृती. आणि ती अशी निवडा की घाबरणारी बाईही त्यात काही करू शकेल. मुंबईत १९७२ नंतरच्या महागाईविरोधी चळवळीत, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने निघालेल्या मोर्च्यांत, बायकांच्या हातात लाटणी आणि थाळ्या होत्या. विकत काही आणायचे नव्हते, शिकवायचे नव्हते. कुलपाचेच उदाहरण घेतले तर, एका ठरलेल्या मधल्या सुट्टीत सगळ्याजणींनी रांगेत उभे राहून किल्ली मागणे आणि प्रत्येकीने वेळ वहीत लिहिणे एवढेही पुरे. कुणी काही मोडले नाही, कुणी ओरडले नाही, आणि कुलपाची अडचण सगळ्यांना दिसली.

संख्या मोजताना सावध राहा. 'येते' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या येतील असे धरून चाला. वीसजणींनी शोभेल अशी कृती करायची असेल तर चाळीस होकार हवेत, आणि आदल्या रात्री प्रत्येकीला आठवणीचा फोन. काम थांबवण्याचा किंवा रस्ता अडवण्याचा विचार असेल तर त्याआधी वकिलाशी बोला. नोकरीवर आणि परवानगीवर काय परिणाम होईल, हे सगळ्यांना समजेल अशा भाषेत सांगा, आणि मग पुन्हा हात वर करायला सांगा. काही हात खाली येतील. येऊ द्या.

प्रश्न : आमच्यातल्या एकीबरोबर कामावर लैंगिक छळ झाला. गटाला हे प्रकरण जाहीर करायचे आहे. ती आधी हो म्हणाली, आता गप्प असते. पण थांबलो तर तो माणूस सुटेल.

थांबा. तिचे गप्प राहणे हे उत्तर आहे.

अशा बाईच्या हातून एकदा सगळे निसटलेले असते. गटानेही तिच्याऐवजी निर्णय घेतला तर तेच दुसऱ्यांदा घडते, मग हेतू कितीही चांगला असो. होकार एकदाच घेऊन चालत नाही. तक्रार लिहिताना वेगळा, भेटीला जाताना वेगळा, बाहेर बोलताना वेगळा. प्रत्येक वेळी एकांतात विचारा, गटासमोर नाही; गटासमोर 'नाही' म्हणणे कठीण जाते. आणि विचारताना 'नाही म्हटलेस तरी आम्ही तुझ्याबरोबर आहोत' हे बोलून दाखवा, गृहीत धरू नका.

नाव गाळले म्हणजे ओळख लपली असेही समजू नका. सहा बायकांच्या विभागात 'रात्रपाळीतली एक नवी कर्मचारी' एवढे म्हटले की सगळ्यांना कळते. पाळी, महिना, पद, पेहराव यातले काहीही बाहेर जाऊ नये. भारतात २०१३ च्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील प्रसिद्ध करायला मनाई आहे. म्हणजे उत्साहाच्या भरात गटच कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. तक्रारीची मुदतही लक्षात ठेवा, घटनेपासून ३ महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. तिला विचार करायला वेळ द्या, पण ही तारीख तिला आज सांगा.

गटाला करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि तिला पुढे न करता. तक्रार समिती नेमली आहे का? सदस्यांची नावे लावली आहेत का? बाहेरची सदस्य आहे का? यावर सगळ्याजणी सह्या करू शकतात. मथुरा नावाच्या मुलीच्या प्रकरणात असेच झाले. पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडल्यावर, १९७९ च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांनी बोट ठेवले ते निकालपत्रातल्या युक्तिवादावर. ८ मार्च १९८० ला अनेक शहरांत स्त्रियांचे गट रस्त्यावर आले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख छापणे हा गुन्हा ठरला तोही त्याच दुरुस्तीत. लढा कागदावरच्या वाक्यांशी असला तर एका बाईला पुन्हा पुन्हा तीच कहाणी सांगावी लागत नाही.

प्रश्न : भेटीत एकीचा तोल गेला, ती साहेबांना वाट्टेल ते बोलली. आता बाहेर चर्चा आहे ती तिच्या तोंडाची, आमच्या मागणीची नाही. राग दाखवायचाच नाही का?

दाखवायचा. पण कोणत्या रूपात, ते सगळ्यांनी आधी मिळून ठरवायचे.

तिला आधी जवळ घ्या. तिने जे म्हटले ते बहुधा सगळ्यांच्या मनात होते. गटाने तिला दूर केले तर पुढच्या वेळी कुणीच तोंड उघडणार नाही. दोन दिवसांत छोटे पत्र द्या : शब्दांबद्दल खेद, मागणी कायम. खेदाचे वाक्य एकच, मागणीची तीन.

ठरवलेले रूप किती ताकदीचे असते ते अर्जेंटिनात दिसले. लष्करी राजवटीने पळवून नेलेल्या मुलांच्या आया ३० एप्रिल १९७७ ला राजधानीतल्या 'प्लाझा दे मायो' चौकात पहिल्यांदा जमल्या, चौदाजणी. पोलिसांनी दरडावले की जमाव करून उभे राहू नका, चालत राहा. त्या चालू लागल्या, दोघी-दोघी हातात हात घालून, चौकाला फेऱ्या. पुढे दर गुरुवारी. डोक्याला पांढरा रुमाल. राग कमी नव्हता, पण पोलिसांना बोट ठेवायला जागा नव्हती. लायबेरियात २००३ मध्ये ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून महिनोन् महिने उघड्यावर बसल्या. घानात शांतता चर्चा रेंगाळू लागल्यावर त्यांनी सभागृहाच्या दारातच बसकण मारली आणि प्रतिनिधींना बाहेर पडू दिले नाही. ऑगस्टमध्ये करार झाला. त्यांच्यातल्या लेमा बोवी यांना २०११ चे शांततेचे नोबेल मिळाले.

प्रश्न : आमच्यातल्या वयस्क आणि घाबरट बायका 'आंदोलन' शब्द ऐकला की येत नाहीत.

शब्द बदला, कृती बदलू नका. आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ ला बायकांच्या संपाची कल्पना निघाली तेव्हा 'संप' हा शब्द बऱ्याच संघटनांना पचला नाही. नाव ठेवले 'स्त्रियांचा सुट्टीचा दिवस'. देशातल्या सुमारे ९० टक्के बायकांनी त्या दिवशी नोकरीचे आणि घरचेही काम केले नाही. पुढच्याच वर्षी समानतेचा कायदा झाला. आणि त्यांना घाबरट म्हणू नका. ज्यांना गमावण्यासारखे जास्त असते त्या जास्त विचार करतात.

प्रश्न : कामे सगळी तिघींवरच पडतात. आम्ही थकलो आहोत.

बहुतेक वेळा बाकीच्या आळशी नसतात. त्यांना कामाचा तुकडाच दिलेला नसतो. 'कुणीतरी मदत करा' याला कुणी पुढे येत नाही. 'गुरुवारपर्यंत या पाचजणींना फोन' याला येतात. प्रत्येक काम दोघींना द्या, एक जाणती, एक नवी. बोलणारी, लिहिणारी, पैसे सांभाळणारी ही कामे दर ३ महिन्यांनी फिरवा. पैशांना दोघींच्या सह्या, आणि दर बैठकीत जमा-खर्च वाचून दाखवणे, रक्कम कितीही छोटी असो. तुम्ही तिघींनी एक महिना मागच्या रांगेत बसून पाहा. काही कामे बिघडतील, आणि तुमचे हात शिवशिवतील. बिघडू द्या.

प्रश्न : फोनवरच्या गटातले बोलणे साहेबांपर्यंत पोहोचते.

तिथे फक्त वेळ आणि जागा लिहा. घटना, नावे आणि पुढचे बेत प्रत्यक्ष भेटीत. वही एकीकडे, तिची प्रत दुसऱ्या घरी. आणि फितूर कोण ते शोधत बसू नका, त्या संशयाने गट फुटतो. फितुरीला मिळेलच काय, तेवढे कमी करा. धोका खरा असतो : वर सांगितलेल्या आयांमध्ये आल्फ्रेदो आस्तीझ हा नौदलाचा अधिकारी बेपत्ता माणसाचा भाऊ असल्याचे सोंग घेऊन वावरला, आणि डिसेंबर १९७७ मध्ये गटाच्या तीन संस्थापक आया पळवल्या गेल्या. त्या परत आल्या नाहीत. बाकीच्या आया चौकात येत राहिल्या.

प्रश्न : मागितले त्याच्या अर्धे देतो म्हणतात. घ्यावे का?

काय अर्धे आहे ते पाहा. पैसे अर्धे की मुद्दाच वगळला?

इंग्लंडमध्ये डॅगनमच्या मोटार कारखान्यात गाड्यांच्या आसनांची कापडे शिवणाऱ्या १८७ बायका ७ जून १९६८ ला संपावर गेल्या. त्यांचे काम 'कमी कौशल्याच्या' श्रेणीत टाकले होते, ती श्रेणी बदला ही मागणी होती. तीन आठवड्यांत तडजोड झाली, पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के पगार मिळाला. श्रेणी मात्र तीच राहिली. त्या संपाच्या रेट्यातून १९७० मध्ये ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला, हे खरे. पण त्या बायकांच्या कामाला कौशल्याची श्रेणी मिळायला १९८४ उजाडले, आणि त्यासाठी पुन्हा संप करावा लागला.

घ्यायचे ठरले तर जागच्या जागी हो म्हणू नका. 'सगळ्यांना विचारून परवा सांगतो' म्हणा आणि उठा. गटात चिठ्ठ्या टाकून मत घ्या. हात वर करायला लावले तर थकलेल्या बायका खरे सांगत नाहीत. स्वीकृतीच्या पत्रात तीन गोष्टी हव्यात : काय मिळाले आणि कोणत्या तारखेपासून, काय बाकी आहे आणि त्यावर पुन्हा कधी बसायचे, आणि मागणी केली म्हणून कुणाची बदली, पाळीबदल किंवा पगारकपात होणार नाही. तिसरे वाक्य गाळून पत्र आले तर सही करू नका. आणि ठरलेल्या तारखेला दोघींनी दाराशी जाऊन पाहावे : कुलूप निघाले का, आणि कडी आतून लागते का.